कोल्हापूर: चौकातल्या सिग्नलची केबल पाणी, सांडपाणी, अग्निशमन आणि पूरनियंत्रणालाही द्यावी का?

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

सिग्नलच्या खांबाशेजारी लोखंडी पेटी असते, ती उघडी असताना कुणी बघितलीय का? आत एक कंट्रोलर असतो. हिरवा किती सेकंद, पिवळा किती, लाल किती, एवढं तो सांभाळतो. शेजारच्या चौकाशी त्याचं जुळवून घ्यायचं म्हटलं तर लागणारी माहिती अगदी किरकोळ. पण त्याच खांबावर कॅमेरा बसवला की चित्र पालटतं. चांगल्या कॅमेऱ्याला सेकंदाला चार ते आठ मेगाबिट लागतात, तेही चोवीस तास. म्हणून मोठे चौक एकमेकांना जोडायचे ठरले की रस्त्याखालून ऑप्टिकल फायबर, म्हणजे काचेच्या तारांची केबल टाकतात.

केबलमधल्या काचेच्या एकेका धाग्याला कोअर म्हणतात. दोन कोअरच्या केबलसाठी कुणी रस्ता उकरत नाही. २४ किंवा ४८ कोअरची केबल घेतात, आणि सिग्नल-कॅमेऱ्यांचं काम त्यातल्या मोजक्या कोअरमध्ये भागतं. उरलेले तसेच पडून राहतात. धंद्यात त्यांना डार्क फायबर म्हणतात. खर्चाचा मोठा वाटा खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. केबल २४ ची घेतली काय आणि ४८ ची घेतली काय, एकूण बिलात फार फरक पडत नाही.

आता दसरा चौकातून जिल्हाधिकारी कार्यालय, लाईन बाजार करत कसबा बावड्यापर्यंतचा पट्टा डोळ्यासमोर आणा. चार-पाच किलोमीटर. या पट्ट्यात जयंती नाल्याचं सांडपाणी उपसा केंद्र आहे. तिथून उपसलेलं पाणी जातं ते ७६ एमएलडीचं (दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं) शुद्धीकरण केंद्र बावड्यातच आहे. पिण्याच्या पाण्याचं फिल्टर हाऊस आहे. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष आहे. आणि टोकाला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, ज्याची पातळी जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं कोल्हापूर तासातासाला विचारतं. बावड्याच्या केंद्राला आवक थांबवायची वेळ आली, तर उपसा केंद्राला त्याच मिनिटाला कळायला हवं. पंचगंगेच्या प्रदूषणावर आपण इतकी वर्षं बोलतोय, त्यातला एक तुकडा या निरोपाचाही आहे.

या रस्त्यावर सिग्नलसाठी केबल पडणार असेल, तर ती टाकायच्या आधीच ठरवावं की यातले दोन कोअर पाण्याला, दोन सांडपाण्याला, दोन अग्निशमनाला, दोन पूरनियंत्रणाला. वेगळी खोदाई नाही, वेगळी निविदा नाही.

हे डोक्यात बसलं ते २०१९ च्या ऑगस्टात. बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. ५५ म्हणजे काय, ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. आम्ही घर सोडून राजारामपुरीत पाहुण्यांकडे होतो. आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलंय हे कळायचं एकच साधन, व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो, आणि त्यातले निम्मे जुने. आई दर अर्ध्या तासानं विचारायची, "पायरी बुडली का रे?" मला उत्तर देता येत नव्हतं. मी नेटवर्कच्या कामात अठरा वर्षं आहे, आणि आईला एका पायरीचं उत्तर देता आलं नाही.

आपलं शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं नाही, सोलापूर आलं. मोठा निधी नाही म्हणूनच इथं एकदा खणलेल्या चरातून जेवढी कामं निघतील तेवढी काढायला हवीत. जाणकारांनी लिहा. विरोध असेल तर आधी लिहा.

चावीची_वही

पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढली. कुठल्या गावात ते सोडा. टाकीची पातळी कळायची आमची पद्धत सांगतो. टाकीवरच्या माणसानं पट्टी बघायची, फोन करायचा, मग पंपावरच्यानं पंप बंद करायचा. पहाटे तीनला टाकीवरच्याचा डोळा लागला की टाकी भरून वाहायची. खालच्या वस्तीत लोक उठून घागरी लावायचे आणि वरच्या वस्तीत सकाळी नळाला पाणी नाही. शिव्या दोन्हीकडून चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्याला.

टाकीची पातळी म्हणजे चार आकडे. त्याला काचेची तार कशाला, असं कुणीही म्हणेल. पण पातळी कळणं वेगळं आणि त्या आकड्यावर पंप आपोआप बंद करणं वेगळं. आपोआप करायचं तर निरोप चुकून चालत नाही. निरोप येईना झाला की पंपानं काय करायचं, हेही आधी ठरवावं लागतं. आम्ही शेवटी शेवटी मोबाईल सिमवर हे करून बघितलं. दिवसभर चांगलं चालायचं. गणपतीच्या मिरवणुकीच्या रात्री एकदम गप्प.

आता तर आपल्याकडे काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आहे. २०२३ च्या दिवाळीत पाणी शहरात आलं. पन्नास किलोमीटरच्या वर लाईन. धरणाकडचा पंप आणि शहरातल्या टाक्या एकमेकांशी बोलल्या नाहीत तर एवढ्या लांबून आणलेलं पाणी टाकीवरून वाहून जाईल. शहरातला शेवटचा टप्पा या सिग्नलच्या केबलवर घेता आला तर मला फार बरं वाटेल.

साधा_विचार

मला पटत नाही. सगळ्याला फायबर कशाला? टाकीला सिम लावा, महिन्याला किती लागतं त्याला? केएमटीच्या बसला जीपीएस लावायचा तर सिमच लागणार, बसला तार बांधता येत नाही. आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा परवान्याविना खुला आहे, कमी विजेवर दूरवर जाणारे सेन्सर त्यावर चालतात. रस्ता न खणता काम होत असेल तर रस्ता का खणायचा? कोल्हापूरकरांनी रस्त्यांच्या कामांवरून आणि टोलवरून किती वर्षं लढा दिला, ते विसरू नका. खोदाई म्हटलं की लोकांचा विश्वास उडतो.

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

@साधा_विचार, टाक्या आणि बसबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथं मी अडून बसणार नाही. लांबवरच्या एकट्या टाकीला बिनतारी सेन्सरच परवडेल. पण बिनतारी निरोप शेवटी कुठल्यातरी खांबावर उतरतो आणि तिथून पुढं तारेनंच जातो. तो खांब सिग्नलचा असू शकतो. तिथं वीज आहे, उंची आहे, खाली केबल आहे.

आणि मी सिग्नलसाठी नवीन खणा असं म्हणत नाही. चौकात सिग्नल बसवताना, रस्ता नव्यानं करताना, ड्रेनेज लाईन टाकताना जमीन तशीही उघडते. त्या वेळी दोन रिकामे एचडीपीई डक्ट, म्हणजे पुढं केबल ओढायला प्लॅस्टिकचे पाईप, टाकून ठेवायचे. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये असा नियमच केला, रस्ता उघडला की डक्ट पडलाच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकानं १९९८ मध्ये आराखडा करून हेच केलं. रस्ते उघडतील तसं शहराचं स्वतःचं फायबर टाकत गेले, त्यावर पालिकेच्या कचेऱ्या, सिग्नल, कॅमेरे आणले आणि भाड्याच्या लाईन सोडून दिल्या. ते शहर लोकसंख्येनं कोल्हापूरपेक्षा बरंच लहान आहे.

जॉइंटर_दादा

मी फायबर जोडतो. वीस वर्षं हेच काम. मोठमोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, पण एक रात्र सांगतो.

दुसऱ्या एका शहरात अशीच सामाईक केबल होती, ४८ कोअर. पावसाळा, रात्री साडेअकरा. गळती काढायला आलेल्या जेसीबीनं ती ओढून तोडली. ओटीडीआर, म्हणजे तार किती अंतरावर तुटली ते सांगणारं यंत्र, लावला, १ किलोमीटर ३४० मीटरवर तुटलंय म्हणून दाखवलं. मोजत गेलो तर चेंबर नाही, नुसतं डांबर. मागच्या उन्हाळ्यात रस्ता करताना झाकणावरूनच डांबर ओढलेलं. पहारीनं ठोकत ठोकत पोकळ आवाज आला तिथं फोडलं. आत कमरेएवढं पाणी. बादलीनं उपसलं, ताडपत्री बांधली, मशीन मांडलं.

फायबरला रंग असतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारा झाले की पुढच्या नळीत पुन्हा निळ्यापासून. एकेक कोअर सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, क्लीव्हरनं काटकोनात कापायचा, मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर आणायची, ठिणगी पडते, काच वितळून एक होते, वर स्लीव्ह चढवून गरम करायची. केसाएवढी जाडी. हात थरथरला तर पुन्हा सोला.

त्या रात्री माझ्या फोनवर चार खात्यांचे फोन येत होते. प्रत्येकाचं एकच, "आमचं आधी जोडा." मी विचारलं, तुमचा रंग कुठला? एकालाही सांगता आलं नाही. कुठल्या कोअरवर काय चालतं याची वही कुणाकडेच नव्हती. जिथं पंपाचं काम होतं, तिथला माणूस रडकुंडीला आलेला. वही असती तर त्याचे दोन कोअर मी पहिल्या दहा मिनिटांत जोडून दिले असते. शेवटी सगळे ४८ ओळीनं जोडले, पहाट झाली.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. केबल वाटून घ्या, जरूर घ्या. पण वही एक, फोन नंबर एक, आणि रात्री तो उचलणारा माणूस एक.

शाहूपुरी_कुंभार_गल्ली

दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पण माझा प्रश्न येगळाच हाय. आमच्या गल्लीत पाणी आलं की पयली लाईट जाते. ती बंद करावीच लागते, नाहीतर माणसं मरतील. मूर्तींचं सामान माळ्यावर टाकायचं, म्हातारी माणसं बाहेर काढायची, सगळं अंधारात. तवा ही तुमची तार काय कामाची? सुतारवाड्यातबी तेच. आम्हाला ३९ फूट झाल्यावर सांगून उपयोग नाही. राधानगरीचं दरवाजं उघडलं, पाणी अजून किती चढणार, आमच्या पायरीला कधी लागणार, ह्ये आदल्या दिवशी कळाय पायजे.

जॉइंटर_दादा

@शाहूपुरी_कुंभार_गल्ली, काचेच्या तारेत वीज नसते, नुसता उजेड जातो. चेंबर बुडाला तरी जॉइंटचा डबा नीट सीलबंद असेल तर चालू राहतं. मी पाण्याखालचे जॉइंट वर्षानुवर्षं चाललेले बघितलेत. बंद पडतं ते दोन टोकांचं यंत्र, कारण त्याला वीज लागते. म्हणून पुराच्या भागात यंत्राची पेटी जमिनीवर ठेवायची नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी जिथवर चढलं त्याच्या खुणा भिंतींवर आहेत. त्या खुणेच्या वर, खांबावर पेटी आणि आत बॅटरी. एवढ्या यंत्राला बॅटरीवर कितीतरी तास काढता येतात, सिग्नलचे दिवे बंद ठेवले तर आणखी.

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

जॉइंटरदादा, कुंभारगल्लीवाले, तुमच्या दोघांच्या बोलण्यानं माझा आराखडा बदलला. मी कोअर वाटण्यात गुंतलो होतो.

केबल एकाच मार्गानं नेली तर जिथं पूर तिथंच ती अडकणार. म्हणून कडं करायचं: दसरा चौक ते बावडा ही खालची बाजू, आणि बावड्यातून परत येताना ताराराणी चौकाकडून उंचावरची बाजू. कडं एका ठिकाणी तुटलं तरी निरोप उलट्या दिशेनं फिरून पोचतो. ताराराणी चौकात अग्निशमन केंद्रही आहे, ते आपोआप कड्यावर येतं. गाडी बाहेर पडली की पुढचे सिग्नल ओळीनं हिरवे करणं त्याच जोडणीवर जमतं.

आदल्या दिवशी कळण्याचं काम नुसत्या केबलनं होणार नाही, ते मान्य. धरणाचा विसर्ग, पाऊस, भोगावती, कुंभी, कासारी, तुळशीची आवक, हे सगळं पाटबंधारे खात्याकडं असतं. ते खातं राज्याचं, केबल शहराची. म्हणून पूरनियंत्रणाचे दोन कोअर जिल्हाधिकारी कार्यालयातच उतरवायचे, आणि तिथला अंदाज परत त्याच कड्यावरून चौकातल्या फलकांवर आणायचा. ट्रॅफिकचा फलक त्या दिवशी गल्लीचं नाव घेऊन सांगेल.

पापाची_तिकटी

मी इथं कधी लिहीत नाही, आज लिहावंसं वाटलं. आमचं दुकान महाद्वार रोडच्या तोंडाशी आहे. मिरवणुकीच्या दिवशी, नवरात्रात फोन लागत नाही हे आम्ही दरवर्षी भोगतो. गेल्या नवरात्रात रांगेत एका बाईंना चक्कर आली, रुग्णवाहिकेला फोन लावायला आमचा मुलगा पळत बिंदू चौकाकडं गेला. त्यामुळे पक्की तार हवी, हे पटतंच.

पण एक भीती आहे. सगळं एका तारेवर आलं तर चौकातल्या कॅमेऱ्यात मी दिसते, ते कोण कोण बघणार? उद्या पाणीपट्टी थकली म्हणून कुणी माझं दुकान कॅमेऱ्यात बघत बसायचं का?

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

ताई, फार महत्त्वाचं विचारलंत. तार सामाईक असली म्हणून तिच्यातून जाणारं सामाईक होत नाही. पोलिसांच्या कॅमेऱ्यांना वेगळे कोअर दिले की ते काचेपासूनच वेगळे, दुसऱ्या खात्याच्या यंत्राला जोडलेलेच नसतात. एकाच कोअरवर आभासी भिंत घालून दोन खाती चालवता येतात, पण कॅमेरे, सिग्नलचे कंट्रोलर आणि पाण्याचे पंप यांच्याबाबतीत मी ती काटकसर करू देणार नाही. कोअर भरपूर आहेत. आणि लोकांना फुकट वायफाय द्यायचं कुणाच्या मनात आलं तर तेही पूर्ण वेगळं. वायफायवरून कुणी सिग्नलपर्यंत पोचला तर चौकात माणूस मरेल.

कुणी कुठलं चित्र बघायचं हा मात्र तारेचा प्रश्न नाही. त्याचा लेखी नियम केबल पडायच्या आधी व्हायला हवा, आणि तो लोकांना वाचायला मिळायला हवा. तुमचा मुद्दा मी यादीत घेतो.

हिशेबनीस_करवीर

ज्यांच्या घरी सामाईक विहीर आहे त्यांना हा विषय लगेच कळेल. चार भावांची विहीर, सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या हिश्श्याची नोंद, पाण्याची पाळी ठरलेली. भांडण विहीर खणताना होत नाही, मोटार जळल्यावर होतं. दुरुस्तीचं कुणी द्यायचं?

इथंही तेच. ट्रॅफिकच्या निधीतून केबल पडली, बाकीच्या खात्यांना कोअर फुकट मिळाले, तर दुसऱ्या वर्षी देखभालीचा पैसा कुणाच्याच अंदाजपत्रकात नसेल. म्हणून प्रत्येक खात्यानं कोअरच्या संख्येप्रमाणे आणि लांबीप्रमाणे दरवर्षी ठरावीक रक्कम टाकायची. नुसती पुस्तकी नोंद असली तरी चालेल, पण नोंद हवी. जॉइंटरदादांची वही हाच या केबलचा सातबारा समजा. कोअर क्रमांक, रंग, कुणाचा, कुठून कुठं, कधी दिला.

उरलेले कोअर खाजगी कंपन्यांना भाड्यानं देऊन पैसा येईल असं काही जण म्हणतील. येईलही. स्टॉकहोमनं १९९४ पासून शहराच्या मालकीच्या कंपनीतर्फे नुसतं डार्क फायबर सगळ्यांना सारख्या दरानं भाड्यानं दिलं आणि ते टिकलं. पण आपल्याकडे त्याला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. रस्त्याखालून केबल नेण्याचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, तेही बघावे लागतील. माझं मत, पहिली पाच वर्षं भाड्याच्या नादी लागू नये. पाणी आणि पूर आधी.

साधा_विचार

वर मी विरोध केला होता. कड्याची कल्पना वाचून थोडा नरम झालोय. पण एक अट. खोदाईच्या आधी कुठं काय गाडलंय ते सांगणारं केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप मार्च २०२३ पासून आहे. ही केबल पडली तर पहिल्या दिवशी तिचा मार्ग त्यात गेला पाहिजे. जेसीबीवाल्याला माहीतच नसेल तर त्याला तरी काय बोलणार?

चावीची_वही

पाण्याच्या लाईनींचंही तसंच आहे बरं का. कुठला व्हॉल्व्ह कुठं, हे चावीवाल्याच्या डोक्यात असतं आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातं. माझ्याकडं अजून माझी वही आहे, व्हॉल्व्हचे नकाशे हातानं काढलेले. केबलचा नकाशा होणार असेल तर त्याच कागदावर पाण्याचे व्हॉल्व्हही घ्या.

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

हे फार छान. मग एक करूया. निवेदन लिहायच्या आधी रस्ता चालून बघू. येत्या रविवारी सकाळी सात वाजता दसरा चौकात जमू. बावड्यापर्यंत चालत जायचं, सिग्नलच्या पेट्या, दिसणारे चेंबर, भिंतीवरच्या पुराच्या खुणा लिहून घ्यायच्या. पेटी खुणेच्या किती वर किंवा खाली आहे ते टेपनं मोजायचं. कुठलंही झाकण उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. परतीला ताराराणी चौकाकडून.

जॉइंटर_दादा

येतो. टेप आणि खडू माझ्याकडं आहे. डांबराखाली गेलेली झाकणं आवाजावरून ओळखतो.

शाहूपुरी_कुंभार_गल्ली

आदी आमच्या गल्लीत या. दोन्ही पुराच्या खुणा मी भिंतीवर खिळा मारून ठेवल्यात. तिथनं मापाय सुरवात करा.

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

ठरलं. साडेसहा, कुंभार गल्ली. तिथून दसरा चौक.

चावीची_वही

गुडघा दुखतोय, लाईन बाजारात थांबतो. वही घेऊन.